परदेशातलं मूल दत्तक घ्यायचंय? आधी त्याचा पासपोर्ट बघा

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावर वडीगोद्री आहे. तिथल्या एका घरातून मागच्या आठवड्यात आम्हाला फोन आला. लग्नाला अकरा वर्षं झालेलं जोडपं. मूलबाळ नाही. नवऱ्याचा धाकटा भाऊ सौदी अरबच्या दम्माम शहरात ड्रायव्हर आहे. त्याची बायको बाळंतपणात गेली. मुलगी आज आठ महिन्यांची आहे आणि शेजारच्या एका केरळी कुटुंबाच्या आधाराने कशीबशी वाढतेय. भावाने फोनवर आपल्या भाभीला सांगितलं, "भाभी, ये अब तुम्हारीच है. ले जाओ इसकू."

घरात आनंदही होता आणि रडूही. तेवढ्यात कुणीतरी मोबाईलवर एक बातमी दाखवली. परदेशातलं मूल दत्तक घेण्याचा हक्क भारतीयांना नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला आहे. झालं, सगळ्यांचे चेहरे पडले. फोनवर त्या ताईंचा पहिलाच प्रश्न होता, "म्हणजे ती मुलगी आम्हाला मिळणारच नाही का?"

मिळू शकते, असं आम्ही त्यांना सांगितलं. पण त्यासाठी काही गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतील आणि त्यातली एक तर येत्या चार महिन्यांतच करावी लागेल. असे प्रश्न आपल्या अनेक घरांत आहेत. कुणाचा मामू आखातात आहे, कुणाची खाला अमेरिकेत आहे, तर कुणी टीव्हीवर गाझामधली यतीम लेकरं पाहून विचारतं की एखादं मूल आपल्याला आणता येईल का. म्हणून हा विषय सगळ्यांसाठी सविस्तर मांडत आहोत.

तो निकाल नेमका काय होता?

जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. नीला गोखले यांच्या खंडपीठाने हा निकाल दिला. एका भारतीय जोडप्याला आपल्या नातेवाइकांचा मुलगा दत्तक घ्यायचा होता. मुलगा अमेरिकेत जन्मलेला, म्हणून जन्मानेच अमेरिकन नागरिक. काही महिन्यांचा असताना त्याला भारतात आणलं आणि तो इथेच वाढत होता. दत्तकाची नोंदणी करणाऱ्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाने, म्हणजे 'कारा'ने, त्यांची नोंदणी करून घ्यायला नकार दिला. जोडपं कोर्टात गेलं.

कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं. भारताचा बाल न्याय कायदा आणि त्याखालचे दत्तक नियम परदेशी नागरिक असलेल्या मुलाला असेच लागू होत नाहीत. ते मूल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं, म्हणजे टाकून दिलेलं, निराधार वगैरे असेल तर गोष्ट वेगळी. हे मूल तसं नव्हतं. आई-वडील भारतीय वंशाचे असले तरी परदेशी नागरिक असलेलं मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क कुणाला नाही. आधी अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तिथे दत्तक पूर्ण करा, मग इथली पुढची प्रक्रिया करा.

म्हणजे कोर्टाने सरसकट बंदी घातलेली नाही. रस्ता कुठून सुरू होतो, एवढंच सांगितलं आहे. मूल ज्या देशाचं नागरिक, त्या देशातून सुरुवात.

आता दम्मामच्या मुलीकडे पाहू. अमेरिकेत जन्मलेलं मूल बहुतेक वेळा आपोआप अमेरिकन होतं. सौदीत, कुवेतमध्ये किंवा दुबईत तसं होत नाही. तिथे आपली माणसं पंधरा-वीस वर्षं राबली तरी परदेशीच राहतात आणि त्यांची मुलंही. आई-वडील दोघे भारतीय असलेलं आखातात जन्मलेलं मूल आपल्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे वंशाने भारतीय होतं. म्हणून वडीगोद्रीच्या घराला त्या निकालाची भीती बाळगायचं कारण नाही. त्यांची पुतणी भारतीय आहे.

मात्र इथे एक अट आहे आणि ती फार महत्त्वाची आहे.

एका वर्षाची मुदत

डिसेंबर २००४ पासूनचा नियम असा आहे की, परदेशात जन्मलेल्या मुलाच्या जन्माची नोंद एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात करावी लागते. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आई-वडिलांनी लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटून गेलं तर केंद्र सरकारची परवानगी घेऊन नोंद करावी लागते. त्यात वेळ जातो आणि मनस्ताप वेगळाच.

आपली बरीच माणसं तिथल्या सरकारी दवाखान्याचा जन्मदाखला मिळाला की काम झालं असं समजतात. तो दाखला लागतोच, पण तो सौदीचा कागद आहे. मूल भारतीय आहे, ही नोंद भारताच्या दफ्तरात झाली पाहिजे. तरच त्याचा भारतीय पासपोर्ट निघतो.

आम्ही हे सांगितलं तेव्हा फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग त्या ताई म्हणाल्या, "देवर तर म्हणत होता की दाखला आहे." त्याच रात्री त्यांनी दम्मामला फोन लावला. भावाकडे सौदीचा जन्मदाखला होता. दूतावासात मात्र नोंद केलेली नव्हती. बायको गेल्यानंतर त्याला कशाचंच भान राहिलं नव्हतं. मुलगी आठ महिन्यांची आहे, म्हणजे हातात चार महिने. दम्मामसाठी रियाधचा भारतीय दूतावास. सगळ्यात आधी तिथे नोंद, मग पासपोर्ट, मग सौदीतून निघण्याची कागदं. दत्तकाचा विचार त्यानंतर.

ज्यांची माणसं आखातात आहेत त्या प्रत्येक घराने आजच फोन करून विचारावं, पोराची नोंद आपल्या दूतावासात झाली आहे का? दत्तकाचा विषय नसला तरीसुद्धा विचारावं.

मूल खरोखरच परदेशी नागरिक असेल तर

समजा तुमची बहीण अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये आहे आणि तिचं मूल तिथलं नागरिक आहे. तर रस्ता असा आहे.

पहिलं, दत्तकाची सगळी प्रक्रिया त्या देशाच्या कायद्याने, त्या देशातच व्हावी लागते. आपल्या दत्तक नियमांतही हेच लिहिलं आहे. मूल इथे आणून ठेवायचं आणि नंतर जालन्यात कागद करून घ्यायचे, हा मार्ग उलटा आहे. वर सांगितलेल्या निकालातलं जोडपं नेमकं तिथेच अडकलं.

दुसरं, इथे तुमची पाहणी होते. समाजसेवक घरी येतात, कमाई, तब्येत, घरचं वातावरण, दत्तक घेण्यामागचं कारण सगळं पाहतात आणि गृह अध्ययन अहवाल तयार करतात. तो अहवाल आणि कागदपत्रं पाहून 'कारा' मंजुरी देते. १९९३ च्या हेग करारात दोन्ही देशांवर जबाबदारी टाकली आहे. मूल देणाऱ्या देशाने पाहायचं की मूल खरंच दत्तक देण्याजोगं आहे का, आई-वडिलांनी राजीखुशीने आणि पैसे न घेता संमती दिली आहे का, आणि आईची संमती मूल जन्मल्यानंतरचीच आहे का. घेणाऱ्या देशाने पाहायचं की पालक लायक आहेत का आणि मुलाला देशात येऊन राहता येईल का. दोघांनी होकार दिल्यावरच मूल सोपवलं जातं. भारताने हा करार २००३ मध्ये मान्य केला.

तिसरं, मुलाकडे परदेशी पासपोर्ट असेल तर त्या देशातल्या भारतीय दूतावासातून प्रवेशाचा व्हिसा घ्यावा लागतो. दत्तक योग्य पद्धतीने झालं आहे का, हे तपासूनच तो मिळतो. भारतात राहण्यासाठीची मंजुरी वेगळी.

चौथं, दत्तक घेतल्याने मूल आपोआप भारतीय नागरिक होत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. हे काम मागे पडलं की शाळेत, पासपोर्टच्या वेळी, अठरा वर्षं झाल्यावर अडचणी येतात.

आखातातलं किंवा पाकिस्तानातलं परदेशी मूल

इथे आणखी एक पेच आहे. १९४८ नंतर मराठवाड्यातली काही घरं दुभंगली आणि काही नातेवाईक कराचीला गेले. सौदी, कुवेत, पाकिस्तान यांच्या कायद्यात आपण ज्याला दत्तक म्हणतो ते नाही. तिथे यतीम मुलाचा सांभाळ कुणाला तरी सोपवला जातो. मुलाचं बापाचं नाव तेच राहतं. याला कफालत म्हणतात.

कफालतचा कागद खरा असतो, मोलाचा असतो. पण भारतातलं दत्तक म्हणजे मूल जन्मदात्यांपासून कायमचं वेगळं होऊन नव्या आई-वडिलांचं होणं. हेग करारही फक्त असं कायमचं आई-बाप-मुलाचं नातं निर्माण करणाऱ्या दत्तकालाच लागू आहे. त्यामुळे कफालतचा कागद दाखवून इथे दत्तकाची नोंद करून घेता येत नाही. शिवाय सौदी आणि पाकिस्तान हेग करारात नाहीत. सगळेच मुस्लिम देश असे आहेत असंही नाही. तुर्कस्तानात दत्तकाचा कायदा आहे, ट्युनिशियात तो १९५८ पासून आहे.

गाझातली यतीम लेकरं

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि त्यामागची तळमळ खरी असते. तरी उत्तर स्पष्ट द्यावं लागेल. युद्ध चालू असताना तिथलं मूल दत्तक म्हणून आणता येत नाही. फक्त कायद्याची अडचण आहे असं नाही. युद्धात, भूकंपात, पुरात एकटं सापडलेलं मूल यतीमच असेल असं नसतं. बाप दुसऱ्या छावणीत असतो, चाचा दवाखान्यात असतो, आजी शोधत फिरत असते. म्हणून युनिसेफसारख्या संस्थांची भूमिका कायम हीच राहिली आहे की, आणीबाणीत आधी घरच्यांचा शोध घ्या, दत्तकाची घाई करू नका. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाने आचे प्रांतातून सोळा वर्षांखालच्या मुलांना आई-वडिलांशिवाय बाहेर नेण्यावर बंदी घातली होती. मदतीच्या नावाखाली मुलं पळवली जातील ही भीती होती.

त्या मुलांचा खर्च खात्रीच्या मार्गाने उचलणं हीसुद्धा कफालतच आहे. आणि आपल्या जालन्यात, बीडमध्ये, संभाजीनगरातही घराची वाट पाहणारी मुलं आहेत.

मुसलमानाला दत्तक घेता येतं का?

वडीगोद्रीच्या घरात दादी आहेत. त्यांचा प्रश्न सरळ होता, "अपने में गोद लेते क्या?"

याची दोन उत्तरं आहेत, एक कायद्याचं आणि एक दीनचं. दोन्ही वेगवेगळी समजून घ्यावीत.

कायद्याचं उत्तर, हो. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आपल्याला लागू नाही. पण १९ फेब्रुवारी २०१४ रोजी शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही त्यात आपली बाजू मांडली होती. कोर्टाने त्याच निकालात हेही सांगितलं की हा कायदा कुणावर सक्ती करत नाही. ज्याला या मार्गाने जायचं त्याने जावं, ज्याला आपल्या शरीअतप्रमाणे राहायचं त्याने तसं राहावं. आज लागू असलेल्या २०१५ च्या कायद्यात तर नातेवाइकाचं मूल नातेवाइकाने दत्तक घेण्याबद्दल वेगळं कलम आहे आणि त्यात धर्म कोणताही असला तरी, असं स्पष्ट लिहिलं आहे.

दीनचं उत्तर असं. यतीमाचा सांभाळ करणं याचं फार मोठं पुण्य आपल्याकडे सांगितलं आहे. हजरत मुहम्मद (सल्ल.) स्वतः यतीम होते. आधी दादा अब्दुल मुत्तलिब यांनी आणि नंतर चाचा अबू तालिब यांनी त्यांना वाढवलं. चाचाने पुतण्याला वाढवणं ही आपल्याकडची सगळ्यात ओळखीची गोष्ट आहे. पण सूरह अहजाबमध्ये हेही सांगितलं आहे की, सांभाळलेल्या मुलाची ओळख त्याच्या खऱ्या बापाच्या नावाने राहू द्या. हजरत जैद यांना आधी लोक जैद बिन मुहम्मद म्हणत, नंतर ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले. प्रेम कमी झालं नाही. नसब लपवला गेला नाही, एवढंच.

म्हणजे मूल वाढवायला शरीअतची मनाई नाही. नसब पुसायला मनाई आहे. भारतीय दत्तक कायद्यात मात्र दत्तकाचा आदेश झाला की मूल कायद्याने नव्या आई-वडिलांचं होतं, जन्मदात्यांशी कायदेशीर नातं संपतं आणि वारसाहक्कही नव्या घरात लागू होतो. दोन्हीत फरक आहे, आणि तो जाणूनच निर्णय घ्यावा.

पुतणीसाठी दोन मार्ग

पहिला मार्ग, कायदेशीर दत्तक. चाचा-चाची, फुफी, मामू, खाला, दादा-दादी, नाना-नानी हे कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक आहेत. चुलत भाऊ किंवा दूरचे नातलग त्यात येत नाहीत, हे लक्षात ठेवा. 'कारा'च्या संकेतस्थळावर नोंदणी करायची. जन्मदात्या बापाची लेखी संमती लागते. तो परदेशात असेल तर दूतावासात सही साक्षांकित करून घेता येते. जन्मदाते दोघेही हयात नसतील तर बाल कल्याण समितीची परवानगी लागते. मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही संमती विचारली जाते. नातं, कमाई, घरची परिस्थिती याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. अनोळखी मूल घेताना पालकांच्या वयाची जी मर्यादा असते, ती नात्यातल्या दत्तकाला लागत नाही.

आदेश कुणाचा, याबद्दल गोंधळ आहे. २०२१ च्या दुरुस्तीने हा अधिकार कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आणि सप्टेंबर २०२२ पासून ती लागू झाली. पण जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन प्रकरणं कोर्टातच चालू ठेवायला सांगितलं. म्हणून वकिलाला पैसे देण्याआधी जालन्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा की आपला अर्ज कुठे जाईल. तिथे विचारायला फी लागत नाही.

दुसरा मार्ग, पालकत्व. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालय तुम्हाला मुलाचं कायदेशीर पालक नेमू शकतं. मुलाचं नाव, बापाचं नाव, नसब सगळं तसंच राहतं. शाळा, बँक, पासपोर्ट यासाठी आदेश चालतो. मुलाच्या नावावर जमीन असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही, आणि हे मुलाच्या भल्याचंच आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की हे पालकत्व संपतं. कफालतच्या सगळ्यात जवळचा कायदेशीर रस्ता हाच. ज्यांचे आई-बाप दोघेही गेले अशा मुलांच्या चाचा-मामूंनी तर हे करून घ्यायलाच हवं. कारण आपल्या व्यक्तिगत कायद्यात बाप आणि दादा, किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती, हेच मालमत्तेचे पालक मानले जातात. चाचा आपोआप पालक होत नाही.

पण वडीगोद्रीच्या घरात इथे अडचण आहे. मुलीचा बाप हयात आहे. बाप जिवंत असताना आणि तो नालायक ठरलेला नसताना, दुसऱ्याला मुलाचं पालक नेमायला त्या कायद्याची आडकाठी आहे. म्हणजे त्यांच्यापुढे खरे पर्याय दोनच. एक, बापाच्या संमतीने कायदेशीर दत्तक. दुसरा, बाप कायद्याने बापच राहील आणि मुलगी चाचा-चाचीकडे वाढेल.

दुसरा पर्याय सोपा वाटतो आणि आपल्याकडे शेकडो घरांत तेच चालतं. पण उद्या भावाने दुसरं लग्न केलं आणि मुलगी सहा वर्षांची असताना परत मागितली तर? त्या चाचीचा कायद्याने तिच्यावर हक्क नसेल. दवाखान्यात मोठं ऑपरेशन असेल, पासपोर्टवर सही हवी असेल, आणि बाप फोन उचलत नसेल तर? हे प्रश्न आम्ही विचारले तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही. भावावर अविश्वास दाखवायचा नव्हता. पण आता, सगळ्यांची मनं एक असताना बोललेलं बरं. नंतर बोलायची वेळ आली की ती भांडणाचीच वेळ असते.

शरीअत जपून दत्तक घ्यायचं असेल तर

अनेक घरं कायदेशीर दत्तक घेतात आणि दीनच्या गोष्टीही सांभाळतात. त्यासाठी काही गोष्टी करता येतात.

मुलाला लहानपणापासून खरं सांगा. "तुझे अब्बू दम्मामला आहेत, अम्मीला अल्लाहने बोलावलं, आणि तू आमची आहेस." भारताच्या दत्तक नियमांतही मुलाला आपलं मूळ शोधण्याची सोय ठेवली आहे. लपवून ठेवणं ना कायद्याला हवं आहे, ना दीनला.

वारशाचं आधीच ठरवा. शरीअतप्रमाणे भावाची मुलगी सख्ख्या भावांच्या पुढे वारस होत नाही. दत्तकाच्या कायद्याने ती वारस होते. उद्या यावरून घरात वाद नको असेल तर हयातीत हिबा करा, किंवा एक तृतीयांशापर्यंत वसीयत लिहा, आणि भावा-बहिणींना ते माहीत असू द्या. मुलीला तिच्या सख्ख्या आईकडून काही मिळालेलं असेल, दागिना किंवा पैसा, तर ते दत्तकानंतरही तिचंच राहतं. त्याला हात लावू नका.

महरमचा प्रश्न या घरात नाही. चाचा पुतणीला महरमच असतो. पण नवऱ्याच्या भावाचा मुलगा असता तर चाची त्याला महरम नसती. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर दूध पाजण्याच्या नात्याने हा प्रश्न सुटू शकतो. त्याबद्दल आपल्या आलिमांना वेळेत विचारा. मूल तीन वर्षांचं झाल्यावर विचारून उपयोग होत नाही.

उलटा प्रवास, इथलं मूल परदेशात

काही घरांत उलटं असतं. मामू लंडनला आहे, त्याला मूल नाही, वडीगोद्रीतल्या बहिणीला चौथं झालं, घेऊन जातो म्हणतो. हे घरच्या घरी करायचं काम नाही. कायद्याचा आदेश नसताना मूल परदेशात नेणं, पाठवणं किंवा तिथल्या कुणाकडे सोपवायची व्यवस्था करणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मामूच्या देशातल्या अधिकृत संस्थेने त्याच्या घराचा अहवाल पाठवायचा, इथे मुलाच्या घरची पाहणी व्हायची आणि 'कारा'चं ना हरकत प्रमाणपत्र मिळायचं, मगच पुढे.

एवढी कडक व्यवस्था का, असं वाटेल. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून परदेशी दत्तकाच्या नावाखाली भारतीय मुलांचे कसे हाल होतात हे कळवलं. न्या. भगवती यांनी १९८४ मध्ये नियम घालून दिले. त्यातूनच पुढे 'कारा' उभी राहिली. प्रत्येक कागदामागे कुणातरी हरवलेल्या लेकराची गोष्ट आहे.

एक धोक्याची सूचना. स्टॅम्प पेपरवर "आम्ही हे मूल दत्तक दिले" असं लिहून नोटरीचा शिक्का मारून देणारे एजंट तालुक्याच्या ठिकाणी बसलेले असतात. आपल्यासाठी त्या कागदाला दत्तक म्हणून किंमत नाही. पैसे घेऊन कुणी मूल मिळवून देतो म्हणत असेल तर तो मुलांच्या विक्रीचा गुन्हा आहे आणि घेणाराही त्यात अडकतो. असं काही दिसलं तर १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर कळवा.

शेवटी काय ठरलं?

वडीगोद्रीच्या घरात परवा सगळे एकत्र बसले. दम्मामचा भाऊ व्हिडिओ कॉलवर होता. आधी रियाधला जन्माची नोंद, मग पासपोर्ट, मग सुटी काढून तो स्वतः मुलीला घेऊन येणार. आल्यावर तिघे मिळून जालन्याला बाल संरक्षण कक्षात जाणार. दत्तकाचा अर्ज करायचा की नाही, हे तो इथे आल्यावर, समोरासमोर बसून ठरेल.

दादींची एकच अट होती, मुलीला तिच्या आईचं नाव सांगायचं. चाची म्हणाल्या, "अम्मी, मी तिचा फोटो आताच फ्रेम करायला दिलाय."